ओठ हलले की घास

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय म्हणून आधी कान धरते. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला घरात बोलता येत नाही. तेव्हा आपल्या दोघींना पत्रच बरं.

तुम्ही इथून रागावून गेलात तेव्हा लेक पाळण्यात होती. आता चालते. पावलांचा आवाज न करता मांजरीसारखी फिरते म्हणून हे तिला मनी म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. तुमच्या भावाला बेकरीत कायमची रात्रपाळी लागली आहे. दिवेलागणीला जातात, सकाळी भुवयांना पीठ लावून परततात आणि दुपार कलेपर्यंत झोपतात. खोली एकच. ओटा आणि त्यांची खाट यांच्यामध्ये फक्त एक पडदा. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे पडद्यालाही आहेत.

गेल्या उन्हाळ्यात झोप पुरी झाली नाही आणि भट्टीपुढे त्यांना डुलकी लागली. हात कोपरापर्यंत भाजला. तुम्हाला कळवू नको असं त्यांनीच बजावलं होतं. जखम भरली, माझी भीती काही भरून आली नाही. तेव्हापासून मी त्यांच्या झोपेला तळहाताच्या फोडासारखं जपते. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, कुकर माळ्यावर टाकला कारण त्याची शिट्टी. नळाला फडकं बांधलंय, म्हणजे थेंब त्यावरून निथळतो, वाजत नाही. मनीचा खुळखुळा होता, त्याचं बूड उघडून आतले मणी काढून घेतले. ती अजूनही तो हलवते आणि मग माझ्याकडे बघते.

पोर गुणी आहे. रडत नाही. पडली तरी तोंड वाकडं करते, डोळ्यांतून पाणी येतं, पण आवाज नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणते, असं मूल नशिबाने मिळतं. माझं म्हणाल तर दिवसभर कुजबुजण्यापलीकडे काही बोलणं होत नाही. इथे ओळखीचं कोणी नाही आणि ओळख काढायला घरी कोणाला बोलवायची सोय नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेव्हा कधी कधी मोठ्याने म्हणून बघते, "आज ऊन कडक आहे." आवाज जागेवर आहे का, एवढंच तपासायला.

एक विचारायचं होतं. तुम्ही यांना आईविना वाढवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. तोंडात काही नसलं तरी मनीचे ओठ हलत असतात. माझ्याकडे टक लावून बघते आणि हलवते. दात येत असतील की भूक लागत असेल? वजन जरा कमी आहे असं दवाखान्यातल्या नर्स म्हणाल्या. या वयात तुमच्या भावाला काय आणि कसं भरवायचात, ते सविस्तर लिहा.

तुमची भावजय

१५ फेब्रुवारी

पोरी,

मी रागावून गेले हे तुला कोणी सांगितलं? कुंड्यांना पाणी घालायला कोणी नव्हतं म्हणून गेले. झाडंही लेकरासारखीच असतात, फक्त उलटून बोलत नाहीत.

हात भाजला हे मला आता कळवतेस होय? त्या कुंभकर्णाला सांग, लहानपणी साधं खरचटलं तरी सगळ्या चाळीला दाखवत फिरायचास, आता मोठा झालास तर बहिणीपासून लपवतोस. तू झोप सांभाळतेस ते बरोबरच आहे. भट्टीशी खेळ नसतो.

आता मनीचं. मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असं जग म्हणतं. तुझी मनी जगापेक्षा शहाणी निघाली. रडायच्या ऐवजी ओठ हलवून मागते. तुला समजत नाही, हा तिचा दोष नाही. भात मऊ शिजवून दुधात कालव. डाळीचं घट्ट पाणी दे, अंडं उकडून कुस्कर, केळं दे, बटाटा दे. आणि घड्याळाकडे बघत बसू नकोस. ओठ हलले की घास, एवढं एकच लक्षात ठेव. तुझ्या नवऱ्याला मी असाच वाढवला. तो ओठ नाही, अख्खं तोंड उघडून बोंबलायचा ती गोष्ट वेगळी. मी पाळीवरून यायची तेव्हा कानांत मागांचा खडखडाट भरलेला असायचा, तो बोंबलला तरच मला ऐकू जायचं.

आमच्या विणकामाच्या शेडमध्ये धोटे धावायला लागले की शेजारणीचं बोलणंही कानावर येत नसे. म्हणून आम्ही बायका नुसत्या ओठांनी बोलायचो. या टोकाच्या मागापासून त्या टोकाच्या मागापर्यंत, आवाज न काढता, अख्खी पाळी गप्पा. मुकादमाला वाटायचं बायका पान चघळताहेत. पुढे कान गेले, पण ओठ वाचायची विद्या राहिली. आजही रस्त्यापलीकडच्या खिडकीत नवरा-बायको भांडली की मला शब्द न् शब्द समजतो. एकट्या बाईला तेवढीच करमणूक.

सोबत तुझ्या नवऱ्याची लहानपणची वाटी आणि चमचा पाठवते. वाटीला एका बाजूला पोचा आहे, तो त्यानेच पाडलेला. मला आता एवढ्या भांड्यांचं काय काम. एकटीसाठी काय शिजवायचं, चहात पाव बुडवला की झालं जेवण. पण लेकराच्या बाबतीत चालढकल नको.

तुझी वन्सं

२० एप्रिल

वन्सं,

वाटी-चमचा पोचला. फार गोड आहे. चमचा वाटीला लागला की खणखणतो, म्हणून दोन्ही सध्या कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवलंय. मी प्लॅस्टिकच्या वाटीतून लाकडी चमच्यानेच भरवते.

तुमचं म्हणणं अगदी पाळतेय. सकाळपासून वाटी हातातच असते. मनीचे ओठ हलले रे हलले की घास तोंडात. आधी ती दचकायची, माझ्याकडे बघत राहायची, मग गिळायची. महिनाभरात गाल जरा वर आले. नर्स म्हणाल्या, असंच चालू ठेवा. मला इतकं बरं वाटलं की परतताना वाटेत एका अनोळखी बाईला उगीचच सांगितलं, माझ्या मुलीचं वजन वाढलं. ती बिचारी "छान" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

आता मनी पहिल्यासारखे ओठ हलवत नाही. म्हणजे भूक भागत असावी.

हे बरे आहेत. जाग आल्यावर तासभर तिला मांडीवर घेऊन बसतात. दोघंही गप्प. बापलेक एकाच माळेचे मणी. तुमची आठवण काढतात, पण मोजकंच बोलतात. दमलेले असतात.

तुमची भावजय

५ मे

पोरी,

तुझं पत्र मी जिन्यावरच उभी राहून वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला. दूधवाला म्हणाला, आजी, तुम्ही ओरडू नका, मला ऐकू येतं. वजन वाढलं ना? तुझी वन्सं नुसती वय वाढवून बसलेली नाही, हे तुझ्या नवऱ्याच्या कानावर घाल.

आता पुढचं सांग. बोलायला काय काय लागली? या वयात तुझ्या नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. आधी "दे" म्हणाला, मग "अजून दे". बाबा म्हणते का? आई म्हणते का? आणि खरं सांगायचं तर विचारायला संकोच वाटतो, पण आत्या म्हणते का? तिने मला पाहिल्याचं तिला आठवणार नाही. एक फोटो पाठवते, भिंतीवर तिच्या उंचीला लाव आणि दाखवत जा. फोटोत मी रागावलेली दिसते, पण तो सूर्य डोळ्यांवर आला होता.

तुझी वन्सं

१८ ऑगस्ट

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. घरात आळीपाळीने ताप होता. आता सगळे ठीक.

फोटो लावला आहे. मनी बोलते. आई, बाबा, आणि आत्याही म्हणते.

इथे ऊन-पाऊस असं काहीतरी मिश्र चाललंय, कपडे वाळत नाहीत. बाकी नवीन काही नाही. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

२७ ऑगस्ट

पोरी,

पत्र तीन ओळींचं आणि त्यात एक ओळ लाख मोलाची. आत्या म्हणते. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू हसशील. शेजारीण म्हणाली, आजी, तुम्हाला ऐकू तर येणार नाही. मी म्हटलं, ऐकू नाही आलं तरी तिच्या ओठांवर दिसेल.

आज मन जरा मोकळं झालंय म्हणून लिहिते. मी कुंड्यांसाठी गेले नव्हते. कुंड्या शेजारीण सांभाळत होती. तुझ्या नवऱ्याने दाराआड घेऊन मला म्हटलं होतं, ताई, हळू बोल गं, मला झोपायचं असतं. त्याचं काही चुकलं नाही. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तो केवढा येतो ते मला कसं कळणार? मग मी हळू बोलायचा प्रयत्न केला, तर तू दर वाक्याला "काय?" विचारायला लागलीस. जास्त बोलले तर त्याला त्रास, कमी बोलले तर तुला. म्हटलं, आपलं घर बरं. तिथे ओरडलं काय आणि गप्प बसलं काय, सारखंच.

लावून घेऊ नकोस. आत्या म्हणते ना, मग सगळं भरून पावलं.

तुझी वन्सं

३० नोव्हेंबर

वन्सं,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मनी आत्या म्हणत नाही. मनी काहीच म्हणत नाही. तिला दोन वर्षं पूर्ण झाली आणि मी तिच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही. तुम्ही इतक्या आशेने विचारलं होतंत की नाही म्हणायला माझा हात धजला नाही. त्यावर तुमचं ते पत्र आलं आणि मग तर खरं सांगायला तोंडच उरलं नाही.

आणि ती जेवत नाही. उन्हाळ्यानंतर हळूहळू सगळं बंद झालं. वाटी दिसली की दोन्ही हात तोंडावर ठेवते. मी मांडीवर धरते, हात बाजूला करते, ती ओठ घट्ट मिटते. कधी तरी ओठ विलग होतात, तेवढ्यात मी घास सरकवते. मग तो घास गालात धरून बसते, संध्याकाळपर्यंतसुद्धा. सगळं काही बिनआवाजी चालतं, कारण पडद्यामागे हे झोपलेले असतात. बाहेरून कोणी पाहिलं तर वाटेल दोन मुकी माणसं भांडताहेत. भरवून झालं की मी ओट्याशी जाऊन रडते. मलाही आता आवाज न काढता रडता येतं.

गाल पुन्हा बसले. नर्सनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना कानाची शंका आली. त्यांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली. मनी झटकन वळली, त्यांच्या हातापर्यंत गेली आणि घंटीवर तळवा ठेवून ती बंद केली. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग मला विचारलं, घरात तिच्याशी बोलता ना? मी म्हटलं, हो, दिवसभर. ते खोटं नाही. दिवसभर मी तिच्या कानाशी बोलतच असते, फक्त हळू.

हे म्हणतात, माझ्यासारखी अबोल असेल, होईल सगळं. त्यांना मी पूर्ण सांगत नाही. सांगितलं तर झोप उडेल, आणि झोप उडाली तर भट्टी आहे.

मला काय करावं ते कळत नाही. आई असून तिच्या मनातलं मला उमगत नाही, आणि हे कोणाला सांगावं तर या गावात माझं कोणी नाही. तुम्ही यावं असं लिहायचा मला हक्क नाही. पण मला फार एकटं वाटतं.

तुमची भावजय

६ डिसेंबर

पोरी,

खोटं बोललीस त्याचा जाब नंतर विचारीन. आधी पोर.

मंगळवारच्या गाडीने येते. स्टेशनवर कोणी येऊ नका, मला पत्ता वाचता येतो. कुंभकर्णाला सांग, बहीण तोंडाला पट्टी बांधून येतेय. बोलायचं असेल ते मी लिहून दाखवीन. मात्र परत जा म्हणालात तर जाणार नाही.

तुझी वन्सं

१४ डिसेंबर, दुपार
(बेकरीच्या कागदी पिशवीवर)

पोरी,

तू ओट्याशी पाठ करून उभी आहेस आणि मी तुझ्या मागे खुर्चीवर बसून हे लिहितेय. घरातला कागद सापडला नाही, म्हणून पिशवी फाडली. फाडताना आवाज झाला असणार, कारण तू दचकलीस.

दोन दिवस मी नुसती बघत होते. काल मी चुकले असेन असं वाटलं. आज खात्री झाली.

तुझी मुलगी बोलते.

तू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलीस तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी फोटोतली आहे हे तिने ओळखलं. मला वाटलं, खाली बसावं म्हणजे तोंड समोरासमोर येईल. मी बसले आणि तिने पडद्याकडे बोट दाखवून मला सांगितलं, "बाबा झोपले." पूर्ण वाक्य. ओठांनी, आमच्या शेडमधल्या बायका बोलायच्या तसं. मी पन्नाशीपर्यंत हेच वाचत आले, मला यात फसवणारा अजून जन्मलेला नाही. मग मीही तसंच ओठांनी विचारलं, आणि आई? ती म्हणाली, "आई वर."

तिने घरात माणसांना कधी आवाजात बोलताना पाहिलंच नाही, पोरी. तू कानाशी कुजबुजतेस, तो गप्प. तिला वाटतं बोलणं म्हणजे एवढंच असतं. तुझ्याकडे टक लावून ओठ हलवायची, तेव्हा ती तुझ्याशी बोलत होती.

आणि आता पुढचं. मघाशी तू तिला भरवत होतीस. तू घासाकडे बघत होतीस, मी तिच्या तोंडाकडे. पहिल्या चार घासांना ती काही म्हणाली नाही. मग तिने हात बाजूला करून तोंड उघडलं आणि म्हणाली, "पुरे." तू घास घातलास. तिने तो कसाबसा गिळला आणि पुन्हा म्हणाली, "पुरे." तू पुन्हा घास घातलास. तेव्हा तिने ओठ मिटून घेतले.

ओठ हलले की घास, हे मीच लिहिलं होतं. जन्मभर ओठ वाचणारी बाई मी, आणि माझ्याच भाचीचे ओठ हलतात असं तू कळवलंस तर मी तुला भात मऊ शिजवायला सांगितलं. बिचारी दर वेळी काही सांगायला जायची आणि आपण दोघी तिच्या तोंडात बोळा कोंबत होतो.

तू वळून बघ आता. बघ आणि खाली लिही.

*

(त्याच पिशवीवर, खाली)

वन्सं, आत्ता माझ्याकडे बघून ती काय म्हणाली? मला नाही कळलं. सांगा.

*

"आई, रडू नको" म्हणाली.

पोरी, आता माझं ऐक. तिच्याशी मोठ्याने बोल. आत्ता. तो उठेल तर उठू दे, त्याच्याशी मी बघून घेते. तो माझ्या आरडाओरड्यातच वाढलाय, काही बिघडलं नाही त्याचं.

१० जून

वन्सं,

तुम्ही जाऊन आता बरेच महिने झाले, आणि सविस्तर लिहीन म्हणून मी रोज पुढे ढकलत राहिले. घरात आता पत्र लिहायला शांतता मिळत नाही. हे तुम्हाला वाचायला बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुम्ही होतात तेव्हा हे खाटेवरून उठून पडद्याशी येऊन उभे राहिले आणि तुमच्या हातातली पिशवी वाचून पुन्हा खाटेवर जाऊन बसले, तेवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांनी बेकरीच्या मालकाला विचारलं आणि पिठाच्या कोठारात एक खाट टाकली. आता दुपारपर्यंत तिथेच झोपतात. पोत्यांमध्ये गार असतं म्हणे. दुपारी जागे होऊनच घरी येतात. दिवसा मी आणि मनी दोघीच. खरं सांगू, पहिले काही दिवस रिकामी खाट मलाच खायला उठायची. त्यांच्या झोपेची राखण करणं, तेवढीच माझी सोबत होती.

मोठ्याने बोलायचं तर मलाच जमेना. घसा धरायचा. आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा. मी जे करीन ते मोठ्याने सांगत सुटले, आता कांदा चिरते, आता पाणी तापवते, आता केर काढते. शिंपीण वर आली, विचारलं, पाहुणे आलेत का? मी म्हटलं, नाही, मीच आलेय. आता ती रोज येते. तिची शिलाई मशीन किती वाजते ते मला आत्ता आत्ता कळलं.

मनी माझ्या आवाजाला घाबरायची. मी बोलायला लागले की माझ्या तोंडावर हात ठेवायची. मग एक दिवस मी कपाटातून तुमची वाटी आणि चमचा काढला, वाटीत भात घातला आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवून बाजूला जाऊन बसले. तुम्ही सांगून गेला होतात तसं, तिच्या तोंडाकडे बघायचं, हाताकडे नाही. ती बराच वेळ वाटीकडे बघत बसली. मग चमचा उचलला आणि तो वाटीवर आपटला. खणकन आवाज झाला तशी ती थिजली आणि तिने खाटेकडे वळून बघितलं. खाटेवर कोणी नव्हतं. मी म्हटलं, "वाजव." तिने पुन्हा वाजवलं. मग इतकं वाजवलं की वाटीला दुसऱ्या बाजूनेही पोचा आला. त्या दिवशी भात सगळा जमिनीवर गेला. दुसऱ्या दिवशी निम्मा तोंडात गेला.

आता तीच आपल्या हाताने जेवते. पुरे म्हणाली की वाटी उचलायची, मग दोन घास राहिले का चार, बघायचं नाही. सुरुवातीला माझा जीव खालीवर व्हायचा. पण पुढच्या जेवणाला ती स्वतःच वाटी घेऊन येते. नर्स म्हणाल्या, वजन सावकाश पण नेमाने वाढतंय, घाई करू नका.

आवाज मार्चमध्ये आला. हे जिन्यावर होते, वर येत होते, आणि मनी कठड्याला धरून उभी होती. तिने खाली बघून म्हटलं, "बाबा." खरखरीत आवाज होता, जरा पुरुषी, आम्ही कोणी ऐकलेलाच नव्हता. हे जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. वर आलेच नाहीत बराच वेळ. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिने आणखी जोरात हाक मारली. मग खालून शिंपिणीने ओ दिली.

आता दिवसभर टकळी चालू असते. बोबडं, अर्धं मुर्धं, पण मोठ्याने. "आपोआप बंद होणारं बटण आहे का हिला?" असं हे मला परवा विचारत होते. आणि डोळे पुसत होते.

एकच गोष्ट तिने सोडलेली नाही, ती कळवायची म्हणून खरं तर हे पत्र. जेवून झालं की ती तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहते आणि फोटोशी बोलते. पण तेव्हा तिचा आवाज येत नाही. नुसते ओठ. मला आधी धस्स झालं, वाटलं गाडी पुन्हा मागे गेली. मी म्हटलं, मनी, मोठ्याने बोल बाळा, इथे कोणी झोपलेलं नाही. तिने माझ्याकडे वळून अगदी खणखणीत सांगितलं, "आत्याला अस्संच ऐकू येतं."

मी अजून तुमच्याइतकी तयार नाही. पण रोज तिच्या शेजारी बसून बघते, आणि जमायला लागलंय. रोज एकच गोष्ट विचारते ती तुम्हाला. "आत्या, जेवलीस?" मग उत्तराची वाट बघत थांबते, आणि नाही आलं की माझ्याकडे बघते.

चहात पाव बुडवलात असं मी तिला सांगणार नाही. काय जेवलात ते लिहा, किंवा सरळ गाडीत बसा आणि तुम्हीच येऊन सांगा. पट्टी आणू नका.

तुमची भावजय